मुरण्याआधीची चव

कैरीचं लोणचं घातलं त्याच दिवशी चाखून पाहा. मीठ वेगळं लागतं, मोहरी नाकात चढते, फोड करकरीत आणि आंबटढाण असते, हिंगाचा वास सगळ्यांच्या वर तरंगत राहतो. कशाचा कशाला मेळ नसतो. तरीही घरातली जाणती बाई बोटाच्या टोकावर खार घेते, जिभेला लावते, क्षणभर थांबते आणि सांगते, "मीठ कमी पडलंय, पावसाळ्यात बुरशी धरेल." किंवा म्हणते, "आज बोचतंय, पण श्रावणापर्यंत झकास मुरेल." तिने चाखलं आजचं लोणचं आणि निकाल दिला दोन महिन्यांनंतरच्या लोणच्याचा. हे तिला कसं जमतं?

कोवळ्या रेड वाइनच्या परीक्षकांपुढे हेच कोडं असतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. फ्रान्समधल्या बोर्दो भागात दर वसंतात, साधारण एप्रिलच्या सुमारास, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक जमतात. आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेल्या द्राक्षांची वाइन तेव्हा अजून पिंपातच असते. बाटलीत भरायला वर्ष-दीड वर्ष बाकी असतं. त्या पिंपातला नमुना चाखून मतं ठरतात आणि त्या मतांवर पुढचे भाव ठरतात. एकेका दिवसात कितीतरी पेले समोर येतात. प्रत्येक पेल्याला प्रश्न तोच, हे मुरेल का?

तगर, भडोच आणि पहिली पसंती

धाराशिव जिल्ह्यात बसून वाइनबद्दल लिहिणं काहींना परकं वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यातलं तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, ते 'पेरिप्लस' या नावाने ओळखलं जातं. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. त्याच भडोचमध्ये बाहेरून उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि नुसती वाइन नाही. पहिली पसंती इटलीच्या वाइनला, शिवाय सीरियाच्या किनाऱ्यावरच्या लाओडिशियाची आणि अरबस्तानची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्या मालाच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, कोणीतरी चाखून डावं-उजवं ठरवत होतं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली. व्यापाराचा तो धागा किती लांबवर गेला होता हे त्या काचेसमोर उभं राहिल्यावर कळतं.

आता आजच्या बागांकडे येऊ. तुळजापूर तालुक्यात काटी, सावरगाव या बाजूला द्राक्षाचे मांडव आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेस अशा जाती दिल्या. पण ही सगळी खायची द्राक्षं. वाइनच्या द्राक्षाची सर्वांत जवळची मोठी लागवड माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात आहे. इटलीतले दोन सेक्की भाऊ, दिल्लीचे दोन सेखरी भाऊ आणि अकलूजचे दोन मोहिते-पाटील भाऊ यांनी मिळून 'फ्रातेल्ली' ही कंपनी उभी केली. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच 'भाऊ'. वाइन घडवणारे पिएरो मासी हे सातवे. म्हणून त्यांच्या एका नावाजलेल्या रेड वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सांजोवेजे ही इटलीची आणि काबर्ने सोव्हिन्यों ही फ्रान्सची, अशा दोन जातींचा तो मेळ.

खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष

खायच्या द्राक्षाचा मणी फुगवावा म्हणून आपण जीए हे संजीवक देतो, बी नको म्हणतो, साल पातळ हवी म्हणतो. वाइनसाठी नेमकं उलटं हवं असतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. काळ्या द्राक्षाचा मणी चिमटीत दाबून रस काढा. बहुतेक जातींत तो जवळजवळ पांढराच निघतो. रंग सालीत असतो. म्हणून रेड वाइन करताना रस, साल आणि बिया एकत्रच आंबवतात. मण्याची जाडी निम्मी झाली की रसाच्या मानाने सालीचं प्रमाण दुप्पट होतं. वीस मिलिमीटरच्या फुगवलेल्या मण्यापेक्षा दहा मिलिमीटरच्या मण्यातून गडद आणि तुरट वाइन का निघते, त्याचं हे साधं गणित.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाची. युरोपात वेल थंडीत झोपतो, उन्हाळाभर वाढतो आणि हवा गार होऊ लागली की फळ पिकतं. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ पिकायच्या ऐन वेळी ऊन चढत असतं. मण्यात पाणी उतरलं की साखर भराभर वाढते, आंबटपणा भराभर उतरतो, आणि साल-बी मात्र आपल्याच चालीने पिकत राहतात. साखर मोजणाऱ्या ब्रिक्समीटरवर चोवीसचा आकडा दिसतो, पण बी अजून हिरवी असते. म्हणून वाइनचा बागायतदार आकड्यावर थांबत नाही. तो मणी तोंडात टाकतो, बी दाताखाली फोडतो. ती कचकन फुटून भाजल्यासारखी लागली तर तोडणी जवळ आली. चामट, कडवट लागली आणि जीभ आवळली तर अजून थांबायचं. पुढे परीक्षक ज्या गोष्टीवर डोकं खाजवतो, तिचा निम्मा निकाल इथे बांधावरच लागलेला असतो.

तुरट ही चव की स्पर्श?

कोवळ्या रेड वाइनचा पहिला घोट नवख्याला आवडत नाही. जीभ खरखरीत होते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, तुरट. कच्चं केळं, हिरडा, सुपारी, डाळिंबाची साल, अर्धवट पिकलेलं जांभूळ या सगळ्यांत तो गुण आहे. षड्रसांत आपण तुरट मोजतो, पण शास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श मानतं, आणि ते पटण्यासारखं आहे.

आपली लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात काही प्रथिनं असतात, ती तोंडात वंगणाचं काम करतात. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन नावाचे पदार्थ असतात. टॅनिनला प्रथिनांची भारी ओढ. कातडं कमावताना बाभळीची साल वापरतात ती याच गुणासाठी. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतं, दोघं मिळून गुठळी होते आणि वंगण निघून जातं. वंगण संपलेल्या बैलगाडीचं चाक जसं कुरकुरतं, तशी जीभ टाळूवर घासू लागते. तो घासण्याचा अनुभव म्हणजे तुरटपणा.

[चौकट]
घरी करून पाहा

एक चमचा चहा पावडर कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा. साखर-दूध नको. कोमट झाल्यावर तीन पेल्यांत वाटून घ्या.

पहिल्या पेल्यातला एक घोट तोंडात घोळवा आणि थुंका. जीभ टाळूवरून फिरवून पाहा. हा टॅनिनसारखाच तुरटपणा. द्राक्षाच्या बीतलं टॅनिन ज्या घटकांचं बनतं, त्याच घराण्यातले पदार्थ चहात असतात.

दुसऱ्या पेल्यात दोन चमचे दूध घाला. तुरटपणा एकदम उतरतो, कारण टॅनिनने लाळेऐवजी दुधातली प्रथिनं धरली.

तिसऱ्या पेल्यातले पाच घोट एकापाठोपाठ घ्या, मध्ये पाणी पिऊ नका. पाचवा घोट पहिल्यापेक्षा जास्त तुरट लागेल. चहा तोच आहे, तोंड बदललं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.
[चौकट समाप्त]

मुरताना काय होतं

कोवळ्या वाइनमध्ये दोन प्रकारचं मुरणं चालतं. पहिलं लवकर होतं आणि ते आपल्या विरजणाच्या जातीचं आहे. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, कच्च्या सफरचंदाचा तो झणझणीत आंबटपणा. साखरेचं मद्यार्क झाल्यावर काही जिवाणू या आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लॅक्टिक म्हणजे दह्या-ताकाचा मऊ आंबटपणा. जवळजवळ प्रत्येक रेड वाइन या पायरीवरून जाते. परीक्षकापुढे आलेल्या नमुन्यात ती पायरी अर्धवट असेल तर वाइन विनाकारण बोचरी लागते. तो दोष वाइनचा नसतो, वेळेचा असतो.

दुसरं मुरणं वर्षानुवर्षं चालतं. ओक लाकडाच्या पिंपातून, साधारण २२५ लिटरचं एक पिंप धरा, अगदी थोडी हवा आत जात राहते. लाकूड व्हॅनिला, लवंग, खोबऱ्याची आठवण करून देणारे वास देतं. आत टॅनिन आणि सालीचा रंग एकमेकांना जोडले जातात, तुटतात, पुन्हा वेगळ्या तऱ्हेने जोडले जातात. काही जोडण्या जड होऊन तळाशी बसतात, म्हणून जुन्या बाटलीत गाळ दिसतो. जे उरतं ते लाळेला पूर्वीइतकं धरत नाही, जीभ कमी घासते. रंगही बदलतो. कोवळी वाइन वांग्याच्या सालीसारखी जांभळी असते, जुनी होता होता विटकरी होते.

या सगळ्या काळात फळाचा ताजा वासही विरत जातो. म्हणजे ही शर्यत आहे. टॅनिन मऊ व्हायच्या आत फळ संपलं तर हातात उरतो नुसता कोरडा तुरटपणा. बोर्दोत १९७५ च्या हंगामाबाबत हे घडलं. वाइन कोवळेपणी कडक होत्या, म्हणून खूप टिकतील असं अनेकांना वाटलं. त्यांतल्या बऱ्याच मऊ होण्याआधीच सुकल्या. उलट १९८२ च्या वाइन कोवळ्या असतानाच गोड, मऊ, रसाळ लागल्या. काही जाणकारांना शंका आली, इतकी सोपी वाइन टिकेल कशी? अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मात्र ठामपणे सांगितलं की हा हंगाम थोर आहे, आणि काळाने त्यांची बाजू घेतली. आज कडक म्हणजे उद्या उत्तम, हा हिशेब खरा नाही. माझ्या मते कोवळ्या रेड वाइनबद्दलचा हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे.

परीक्षक काय शोधतो

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून तो आधी कडेचा रंग पाहतो. कोवळ्या वाइनची कड जांभळी असायला हवी. इतक्यातच तपकिरी झाक आली असेल तर हवेने तिला लवकर गाठलं. मग पेला न हलवता वास, मग हलवून वास. सडक्या अंड्याचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर तो घाई करत नाही. कोवळ्या वाइनमध्ये गंधकाचे असे वास साचतात आणि अनेकदा हवा लागली की उडून जातात. काही परीक्षक पेल्यात तांब्याचं स्वच्छ नाणं टाकून पाहतात. तांबं अंड्याच्या वासाच्या गंधकाला धरून ठेवतं, वास गेला तर दोष किरकोळ. शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास मात्र कशानेही जात नाही.

मग घोट. तुरटपणा किती यापेक्षा तो कसला आणि कुठे, हे महत्त्वाचं. हिरव्या बीचा तुरटपणा कडवट असतो, दातांच्या मुळाशी आणि हिरड्यांवर खरखरत राहतो. तो वयाने फारसा सुधारत नाही. पिकलेल्या सालीचा तुरटपणा भरपूर असला तरी जिभेवर मखमलीसारखा सारखा पसरतो, पिकलेल्या जांभळासारखा. त्याच्या मागे फळ आहे का? आंबटपणा कणा धरून आहे का? आपल्या उष्ण भागातल्या वाइनमध्ये हा प्रश्न आधी विचारावा लागतो, कारण आंबटपणा कमी पडला तर वाइन आज गुबगुबीत लागते आणि दोन वर्षांत बसकण मारते. मद्यार्क घशात जाळ करतं का? लाकडाचा वास फळावर बसला आहे का?

शेवटी थुंकायचं आणि मनात सेकंद मोजायचे. चव किती वेळ राहते, आणि शेवटी काय उरतं? फळ उरलं तर चांगलं. नुसतं लाकूड किंवा नुसता कोरडेपणा उरला तर जपून. खार चाखून थांबणारी ती जाणती बाई हेच करत असते. ती आजचा मेळ पाहत नाही, मेळ बसायला लागणारं सगळं सामान बरणीत पुरेसं आहे का, ते पाहते.

प्रत्येक रेड वाइन मुरवायची नसते, हेही परीक्षकाने विसरता कामा नये. जगात विकली जाणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांतच पिऊन संपते, आणि त्यासाठीच केलेली असते. कोशिंबिरीला मुरांब्याच्या मापाने नापास करणं हा अन्याय आहे.

पन्नासाव्या पेल्याची अडचण

आता चौकटीतला तिसरा पेला आठवा. पाच घोटांत तोंड इतकं बदलतं, तर पन्नास कोवळ्या रेड वाइननंतर काय होत असेल? लाळेची प्रथिनं पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. एकविसाव्या क्रमांकावर आलेली नाजूक वाइन विसाव्या क्रमांकाच्या कडक वाइनचा तुरटपणा अंगावर घेऊन येते. नाकही थकतं. फोडणीचा वास स्वयंपाकघरात उभ्या असलेल्याला काही मिनिटांत जाणवेनासा होतो, दारातून येणारा मात्र शिंकतो. शिवाय थकलेल्या तोंडाला मोठा आवाजच ऐकू येतो. भजन स्पर्धेत रात्री दोन वाजता उंच पट्टीतलं मंडळ लक्षात राहतं आणि सुरात, हळू गाणारं विसरलं जातं. तसंच इथे गडद, गोड, लाकडाच्या वासाच्या वाइनला फायदा होतो.

म्हणून चांगल्या चाचण्यांमध्ये बाटल्या झाकून, फक्त क्रमांकाने देतात. एकाच जातीच्या किंवा भागाच्या वाइन एकत्र ठेवतात. मध्ये पाणी, पाव आणि विश्रांती असते. तापमानही सांभाळतात, १६ ते १८ अंश सेल्सिअस. वाइन फार थंड असेल तर तुरटपणा टोचतो, गरम असेल तर मद्यार्कच नाकात भरतं. 'खोलीच्या तापमानाला द्यावी' हा युरोपचा सल्ला मेमधल्या धाराशिवच्या खोलीला लागू नाही.

डोळ्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. बोर्दोच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. नाकाने काय शोधायचं ते डोळ्यांनी आधीच ठरवलं होतं.

आणि एकाच परीक्षकाच्या गुणांत सातत्य खरोखर किती असतं? समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वाइनरी चालवणारे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत हे तपासलं. परीक्षकांना तीस वाइनच्या फेरीत, त्यांच्या नकळत, एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की साधारण दहा टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एकाच पदकाच्या मर्यादेत गुण देता आले. आणखी सुमारे दहा टक्के परीक्षकांनी कधीकधी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिलं. न आवडलेल्या वाइनबाबत मात्र ते जास्त ठाम होते.

हे वाचून परीक्षण म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष काढू नये. वजनकाटा थोडा हलत असेल तर आपण काटा फेकत नाही, तीनदा वजन करून सरासरी काढतो. म्हणून एकाऐवजी चार-पाच जणांचं मंडळ असावं, प्रत्येकाने आधी स्वतःचे गुण लिहावेत आणि मगच चर्चा करावी. आधी चर्चा झाली तर ज्येष्ठाच्या मताकडे सगळे झुकतात. पदकांनाही मर्यादा हवी. द्राक्ष आणि वाइन यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेतल्या नमुन्यांपैकी तीस टक्क्यांपेक्षा जास्त नमुन्यांना पदक देता येत नाही. बाटलीवरचा सोनेरी शिक्का पाहताना तो कोणत्या स्पर्धेचा आणि कोणत्या नियमांनी मिळाला, हे विचारायचा ग्राहकाला हक्क आहे.

पॅरिस, १९७६

२४ मे १९७६ या दिवशी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे दहा रेड वाइन झाकून ठेवल्या, चार बोर्दोच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. वीसपैकी गुण द्यायचे होते. पहिली आली कॅलिफोर्नियाची 'स्टॅग्ज लीप', १९७३ च्या हंगामाची, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची. बोर्दोचे बडे तिच्या मागे राहिले. फ्रेंचांचा आक्षेप चुकीचा नव्हता. आमच्या वाइन मुरायला वेळ घेतात, त्यांना कोवळेपणी तोलू नका, असं ते म्हणाले. मग त्या मुरेपर्यंत थांबणं हाच उपाय होता. तीस वर्षांनी, २४ मे २००६ ला, त्याच वाइन लंडन आणि नापा इथे एकाच दिवशी पुन्हा चाखल्या गेल्या. या वेळी पहिली आली 'रिज मोंते बेल्लो' १९७१, जी पॅरिसमध्ये पाचवी होती. स्टॅग्ज लीप दुसरी. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या.

तीस वर्षं थांबणं कोणालाच परवडत नाही, म्हणून मन लावून काम करणारे परीक्षक एक छोटी युक्ती करतात. शंका असलेली बाटली अर्धी रिकामी झाल्यावर बूच लावून रात्रभर तशीच ठेवतात. आत कोंडलेली हवा बाटलीतल्या वाइनला एका रात्रीत थोडी पुढे ढकलते. सकाळी, तोंड कोरं असताना, ती पुन्हा पेल्यात ओततात. ज्या वाइनमध्ये सामान नव्हतं ती रात्रीत सपाट झालेली असते, सुकलेल्या फुलांसारखा वास येतो. आणि एखादी, जी काल सायंकाळी पन्नासाव्या पेल्यात नुसती आवळत होती, तिच्यातून जांभळाचा वास वर येतो, तुरटपणा जिभेवर सारखा पसरतो. मग परीक्षक कालचा कागद काढतो आणि गुण खोडून नवे लिहितो.